गावोगावच्या पलटणी

१४ एप्रिल १८६१, रविवार. मिनेसोटाचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे कामानिमित्त वॉशिंग्टनला आलेले होते. दोन दिवसांपूर्वी दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर बंडखोरांनी तोफा डागल्या होत्या आणि किल्ला पडल्याची खबर आता राजधानीत पोचली होती. रॅमसे सकाळीच युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांच्याकडे गेले आणि म्हणाले, माझ्या राज्याकडून हजार माणसं देतो. कॅमेरॉन राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना भेटायला निघाले होते. त्यांनी ते लिहून मागितलं, रॅमसेंनी तिथंच बसून लिहून दिलं. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळून अजून तीन वर्षंही पुरी व्हायची होती. साऱ्या राज्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास. बंदुका, तंबू, गणवेश यांतलं फारसं काही नव्हतं. माणसं मात्र मिळतील याबद्दल गव्हर्नरांना शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी लिंकन यांनी ७५,००० मिलिशिया सैनिक मागितले, तेही तीन महिन्यांसाठी. अमेरिकेच्या खड्या फौजेत तेव्हा साधारण १६,००० माणसं होती आणि त्यांतली बरीचशी पश्चिमेकडच्या सरहद्दीवर पांगलेली. म्हणजे हे युद्ध लढायचं तर ते पेशानं शिपाई नसलेल्यांनीच. तीन महिन्यांचा हिशेब किती चुकला होता हे जुलैत बुल रनच्या लढाईत कळलं. त्याआधीच, मे महिन्यापासून, तीन वर्षांच्या कराराच्या पलटणी उभ्या राहू लागल्या होत्या. अमेरिकन यादवीचा इतिहास लिंकन, ग्रँट, ली यांच्या नावांनी सांगायची रीत आहे. पण ते युद्ध चार वर्षं ओढून नेलं ते या स्वयंसेवक पलटणींनी, आणि त्या कशा बांधल्या होत्या हे पाहिल्याशिवाय त्यांच्यावर काय गुदरलं ते उमगत नाही.

बांधणी साधी होती. एका रेजिमेंटमध्ये दहा कंपन्या, एका कंपनीत शंभराच्या आसपास माणसं. कंपन्यांना इंग्रजी अक्षरं, ए ते के. मधलं ‘जे’ हे अक्षर गाळलेलं, कारण हस्ताक्षरात ते आय अक्षरासारखं दिसायचं. कंपनी उभी करायचं काम गावातल्या वजनदार माणसाचं. वकील, शाळामास्तर, वर्तमानपत्राचा संपादक किंवा न्यायाधीश असा कुणीतरी पुढं व्हायचा, चर्चमध्ये नाहीतर कोर्टाच्या आवारात सभा व्हायची, बँड वाजायचा, भाषणं व्हायची आणि पोरं पुढं येऊन सह्या करायची. शंभर सह्या जमवणारा बहुधा कॅप्टन. तोही नेमला जायचा नाही, शिपाईच त्याला मतं देऊन निवडायचे. कर्नलची नेमणूक गव्हर्नरच्या हातात. पहिल्या मिनेसोटा पलटणीची एफ कंपनी मिसिसिपीकाठच्या रेड विंग गावची. तिचा कॅप्टन विल्यम कॉल्विल हा तिथल्या वर्तमानपत्राचा संपादक आणि वकील. त्याच्या हाताखालच्या पोरांत गावच्या हॅमलिन विद्यापीठातले विद्यार्थीही होते.

म्हणजे रांगेत डाव्या बाजूला मेहुणा, उजव्या बाजूला शेजारच्या शेतातला गडी, मागे शाळेतला वर्गमित्र. विस्कॉन्सिनच्या १५व्या पलटणीत तर बहुतेक सगळे नॉर्वेहून आलेले, हुकूमही कधी नॉर्वेजियनमधून सुटायचे; एकाच कंपनीत ओले ओल्सन इतके की हजेरी घेताना गोंधळ उडायचा. न्यूयॉर्कची ६९वी पलटण आयरिश लोकांची. विस्कॉन्सिनच्याच आठव्या पलटणीनं एक जिवंत गरुड पाळला होता, ओल्ड एब नावाचा. काठीवरच्या अड्ड्यावर बसवून तो लढाईत नेत असत. तो युद्धातून सुखरूप परतला आणि पुढं बरीच वर्षं राज्याच्या विधानभवनात मोठ्या थाटात राहिला. पलटणीतल्या कैक माणसांच्या वाट्याला ते आलं नाही.

या घरगुती पलटणींना शिस्त लावणं हे मोठं काम होतं. कालपर्यंत ज्याच्या दुकानातून उधारीवर साखर आणली, त्याला आज सलाम कोण ठोकणार? इलिनॉयची २१वी पलटण आसपासच्या शेतांतल्या कोंबड्या पळवण्याबद्दल आणि दारूबद्दल बदनाम झाली होती. तिचा पहिला कर्नल स्वतःच पिणारा. जून १८६१मध्ये तिथं नवा कर्नल आला. लष्करातून राजीनामा देऊन वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कारकुनी करत असलेला हा अबोल गृहस्थ. त्याच्या स्वागताला आलेल्या दोन खासदारांनी लांबलचक, जोशपूर्ण भाषणं केली. मग शिपाई नव्या कर्नलच्या भाषणासाठी ओरडू लागले. त्यानं एवढंच सांगितलं की आपापल्या तंबूत जा. त्याचं नाव युलिसिस ग्रँट.

पहिला शत्रू मात्र समोरच्या सैन्यातला नव्हता. खेड्यापाड्यांतली, एकलकोंड्या शेतांवर वाढलेली पोरं पहिल्यांदाच हजाराच्या गर्दीत राहायला आली आणि गोवरानं त्यांना धरलं. शहरातल्या पोरांना तो लहानपणीच होऊन गेलेला असायचा, त्यामुळं अंगापिंडानं दणकट शेतकरी आधी आडवे पडले आणि फिकट कारकून टिकले. पाठोपाठ हगवण आणि विषमज्वर. संडासाचे चर पाण्याच्या झऱ्याशेजारी खणले जात, कारण जंतूंचं ज्ञान अजून व्हायचं होतं. साऱ्या युद्धात गोळीनं जितके मेले त्याच्या साधारण दुप्पट रोगानं मेले. एकूण मृतांचा आकडा बराच काळ ६,२०,००० धरला जायचा. २०११मध्ये डेव्हिड हॅकर या इतिहासकारानं जनगणनेच्या नोंदींवरून तो साडेसात लाखांच्या आसपास असावा असं दाखवलं. गोळी न खाता, निशाण न पाहता, छावणीतल्या ओल्या गवतावर मेलेला शिपाई गावाच्या स्मारकावर इतरांच्याच ओळीत कोरलेला असतो. ते बरोबरच आहे, असं मला वाटतं.

खाणं म्हणजे हार्डटॅक नावाचं पीठपाण्याचं दगडी बिस्किट, खारवलेलं डुकराचं मांस आणि कॉफी. बिस्किट बंदुकीच्या दस्त्यानं फोडायचं आणि कॉफीत बुडवायचं, म्हणजे आतल्या अळ्या वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या. कॉफीवर या माणसांचं जे प्रेम होतं ते त्यांच्या रोजनिशा वाचताना पानापानावर भेटतं. दक्षिणेच्या बंदरांना उत्तरेच्या नौदलाचा वेढा पडल्यामुळं तिकडच्या शिपायांना कॉफी मिळेनाशी झाली. त्यांच्याकडं तंबाखू मात्र मुबलक. १८६२-६३च्या हिवाळ्यात रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन्ही फौजा समोरासमोर मुक्कामाला होत्या, तेव्हा फळकुटांच्या छोट्या होड्या करून कॉफी इकडून तिकडं आणि तंबाखू तिकडून इकडं जायची. सोबत वर्तमानपत्रं. वरिष्ठांची मनाई होती, ती कुणी फारशी मनावर घेतली नाही.

शिवाय ही माणसं लिहिणारी होती. उत्तरेकडच्या शिपायांत दहांतल्या नऊ जणांना लिहितावाचता यायचं, दक्षिणेकडच्या गोऱ्या शिपायांतही बहुसंख्यांना यायचं, आणि पत्रांवर कसलीही सेन्सॉरशिप नव्हती. कॅप्टन घाबरट निघाला की आठवड्याभरात ते गावच्या वाण्याला ठाऊक. अमक्याचा पोरगा लढाईत झाडामागं दडून बसला, तमक्यानं निशाण उचललं, सारं गावात पोचायचं, कधीकधी तिथल्या साप्ताहिकात छापूनही यायचं. अशा पलटणींत पळून जाण्यातली अडचण तीच होती. समोरून गोळ्या येत असताना माणूस रांगेत का उभा राहतो याची उत्तरं देशप्रेम, गुलामगिरीचा तिटकारा, स्वतःच्या राज्याचा अभिमान अशी पुष्कळ दिली जातात, आणि पत्रांतून ती खरीही दिसतात. पण मला सर्वांत भारी वाटतं ते शेजाऱ्याच्या नजरेचं ओझं. पळणाऱ्याला परतायचं कुठं, तर त्याच गावात.

२ जुलै १८६३, गेटिसबर्गच्या लढाईचा दुसरा दिवस. संध्याकाळी सिमेटरी रिज नावाच्या लांबट उंचवट्यावर उत्तरेच्या फळीला खिंडार पडलं होतं आणि विलकॉक्सची अलाबामा ब्रिगेड तिकडं सरकत होती. जनरल हॅनकॉकला कुमक आणायला पाचेक मिनिटं हवी होती. हाताशी होती फक्त पहिली मिनेसोटा, तिच्यातही आता हजाराऐवजी २६२ माणसं. कॉल्विल आता कर्नल झाला होता. हॅनकॉकनं समोरचं निशाण दाखवून ते घ्यायला सांगितलं. याचा अर्थ काय ते शिपायांपासून कर्नलपर्यंत सगळ्यांना कळलं. ते उतारावरून संगिनी रोखून धावत सुटले. पाच मिनिटं मिळाली. परंपरेनं सांगितला जाणारा हिशेब असा की २६२ पैकी २१५ पडले, ४७ उरले. इतिहासकार या आकड्यांवर अजून वाद घालतात. पलटण जवळपास संपली यावर वाद नाही. कॉल्विलही जबर जखमी झाला. उरलेल्यांनी, आणि त्या वेळी दुसऱ्या कामावर गेलेल्या कंपनीनं, दुसऱ्याच दिवशी दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्याला तोंड दिलं आणि २८व्या व्हर्जिनिया पलटणीचं निशाण हिसकावलं. ते आजही मिनेसोटाकडं आहे. व्हर्जिनियानं अनेकदा मागितलं, मिनेसोटा देत नाही.

समोरच्या बाजूचा हिशेबही याच घडणीचा आहे. २६वी उत्तर कॅरोलायना ही मध्य आणि पश्चिम उत्तर कॅरोलायनाच्या काउंट्यांमधून आलेली पलटण, तिचा कर्नल हेन्री बर्ग्विन अवघा २१ वर्षांचा. १ जुलैला तिची गाठ डेट्रॉइट परिसरातल्या २४व्या मिशिगनशी पडली. मिशिगनचे ४९६ पैकी ३६३ गेले. कॅरोलायनाचे सुमारे ८०० पैकी जवळजवळ ७०० लढाईच्या तीन दिवसांत मेले, जखमी झाले किंवा हरवले. बर्ग्विन निशाण हातात घेतलेलं असतानाच पडला. तिच्यातली एफ कंपनी कॅल्डवेल काउंटीची. त्या कंपनीचा लढाईत उतरलेला एकही माणूस धड राहिला नाही, अशी नोंद आहे, आणि तिच्यात जुळ्या भावांच्या जोड्याही होत्या. टेनेसीचा शिपाई सॅम वॉटकिन्स यानं पुढं आठवणी लिहिल्या, त्यात त्याच्या कंपनीचा ताळेबंद आहे: निघाले १२०, शरणागतीच्या वेळी उरले ७.

ज्या बांधणीमुळं माणूस रांगेत टिकायचा तीच बांधणी गावाच्या मुळावर यायची. सगळीकडून थोडेथोडे जमवलेले हजार जण एका दुपारी पडले असते तर दुःख राज्यभर विखुरलं असतं. इथं ते दहा गावांत साचायचं. १८ जून १८६४ला पीटर्सबर्गसमोर पहिली मेन हेवी आर्टिलरी मोकळ्या शेतातून पुढं सरसावली. नावात तोफखाना असला तरी ही मुळात १८६२मध्ये मेन राज्यातल्या बँगोरच्या आसपास, पेनॉब्स्कॉट नदीच्या खोऱ्यात भरती झालेली पायदळ पलटण. दीड वर्षाहून अधिक काळ ती वॉशिंग्टनच्या किल्ल्यांत आरामात होती आणि १८६४च्या वसंतात तिच्या हाती पुन्हा बंदुका दिल्या गेल्या. त्या दिवशी शेजारच्या, अनुभवी पलटणी खंदकातून उठल्याच नाहीत. पुढं काय आहे ते त्यांना माहीत होतं. मेनचे सुमारे ९०० गेले आणि दहाएक मिनिटांत ६३२ पडले. एका हल्ल्यात एका पलटणीचं एवढं नुकसान त्या साऱ्या युद्धात दुसरं नाही. बातमी बँगोरला तारेनं पोचली असेल तेव्हा त्या गावात कुणाच्या घरी जायचं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्नच उरला नसेल.

पडलेल्यांच्या जागा भरायची पद्धतही विचित्र होती. शहाणपणाचं होतं ते असं, की नवे रंगरूट जुन्या पलटणीत घालावेत, जुने त्यांना शिकवतील. विस्कॉन्सिननं बहुतांशी तेच केलं आणि जनरल शर्मननं पुढं आठवणींत त्याचं कौतुक करताना म्हटलं की विस्कॉन्सिनची एक पलटण म्हणजे जवळजवळ एक ब्रिगेड. बाकीची राज्यं नव्या पलटणी काढत राहिली. नवी पलटण म्हणजे नवा कर्नल, नवे मेजर, नवे कॅप्टन, म्हणजे गव्हर्नरला वाटायला तीस-चाळीस पदं. जुन्या पलटणी दोनशे-तीनशेवर येऊन झिजत राहिल्या आणि शेजारी हजार कोरी पोरं नव्या निशाणाखाली तेच धडे पहिल्यापासून शिकत मरत राहिली. राजकारणाचा असा हिशेब ओळखायला आपल्याकडच्या वाचकाला वेगळं शिकवायला नको.

करारावरूनही तंटे व्हायचे, कारण या लोकांच्या लेखी सैन्यातली नोकरी हा सही केलेला व्यवहार होता. मे १८६३मध्ये मेनची दुसरी पलटण दोन वर्षं पुरी करून घरी गेली. तिच्यातल्या १२० जणांनी मात्र नकळत तीन वर्षांच्या कागदावर सह्या केलेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, आम्ही गावच्या पलटणीत सही केली, पलटण गेली की आम्हीही मोकळे. त्यांना संगिनींच्या पहाऱ्यात २०व्या मेनकडं आणलं, हुकूम मोडला तर गोळी घालायची मुभा देऊन. २०व्या मेनचा कर्नल जोशुआ चेंबरलेन हा मूळचा बोडन कॉलेजचा प्राध्यापक, वक्तृत्वशास्त्र शिकवणारा. त्यानं पहारा हटवला, उपाशी माणसांना जेवू घातलं, त्यांची बाजू ऐकली, गव्हर्नरला लिहीन असं सांगितलं आणि त्यांना आपल्या कंपन्यांमध्ये वाटून टाकलं. बहुतेकांनी बंदुका उचलल्या. महिन्याभरानं गेटिसबर्गच्याच लढाईत लिटल राउंड टॉप टेकडीवर, फळीच्या अगदी डाव्या टोकाला, दारूगोळा संपल्यावर २०व्या मेननं संगिनी रोखून १५व्या अलाबामाला खाली रेटलं, तेव्हा रांगेत हीच माणसं होती. त्या लढाईवर अमेरिकेत पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला. त्या जेवणावर कुणी फारसं लिहीत नाही.

१८६३च्या अखेरीस तीन वर्षांचे करार संपत आले. सरकारला अनुभवी माणसं सोडायची नव्हती. पुन्हा सही करणाऱ्याला ४०० डॉलर, महिनाभराची रजा आणि बाहीवर खास पट्टी. साध्या शिपायाचा महिन्याचा पगार १३ डॉलर होता, म्हणजे अडीच वर्षांचा पगार एकरकमी. आणि खरी मेख पुढं होती: पलटणीतल्या तीन चतुर्थांश माणसांनी सही केली तर पलटणीचं नाव आणि निशाण टिकेल. म्हणजे सही न करणारा आपल्याच गावकऱ्यांच्या मध्ये येणार. सुमारे १,३६,००० जणांनी पुन्हा सह्या केल्या. हे सगळे मूर्ख नव्हते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत तीन वर्षांची युद्धं साठवलेली माणसं होती. त्याच सुमारास बक्षिसीसाठी नाव बदलून पुन्हापुन्हा भरती होणारे आणि पळणारेही निपजले, आणि सक्तीच्या भरतीतून ३०० डॉलर भरून सुटणारेही. जुन्या स्वयंसेवकांना या नव्या भरतीबद्दल जी चीड होती, ती शत्रूबद्दल क्वचितच दिसते.

एक पलटण मात्र एका गावची नव्हती, कारण तिच्या माणसांना कुठलंच गाव नीट आपलं म्हणत नव्हतं. ५४वी मॅसॅच्युसेट्स ही उत्तरेत उभारलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींतली एक. नाव मॅसॅच्युसेट्सचं, पण शिपाई पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो असे कुठून कुठून आलेले. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगेही होते. अधिकारी गोरे, कर्नल २५ वर्षांचा रॉबर्ट गूल्ड शॉ. भरतीच्या वेळी वचन दिलं होतं की पगार इतरांएवढाच. हातात पडू लागले दहा डॉलर, त्यातूनही कपड्यांचे तीन वजा. पलटणीनं पगार घ्यायचाच नाही असं ठरवलं. मॅसॅच्युसेट्सनं फरक स्वतःच्या तिजोरीतून भरून द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारली. प्रश्न डॉलरांचा नव्हता हे सांगायला आणखी काय हवं होतं? घरी बायकापोरं उपाशी, आणि हे दीड वर्ष बिनपगारी लढत राहिले. १८ जुलै १८६३ला चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नरवर त्यांनी हल्ला केला. सुमारे ६०० पैकी २७२ पडले, शॉसुद्धा. दक्षिणेच्या लोकांनी हिणवण्यासाठी त्याला त्याच्या शिपायांसोबत एकाच चरात पुरलं. त्याच्या वडिलांनी प्रेत हलवू नका असं कळवलं.

याच पगाराच्या मुद्द्यावर तिसऱ्या दक्षिण कॅरोलायना पलटणीतला सार्जंट विल्यम वॉकर यानं आपल्या माणसांसह हत्यारं खाली ठेवली. फेब्रुवारी १८६४मध्ये त्याला बंडखोर म्हणून गोळ्या घातल्या. जूनमध्ये काँग्रेसनं पगार सारखा केला, तोही एका अटीवर: मागचा फरक फक्त त्यांनाच, जे १९ एप्रिल १८६१ला स्वतंत्र होते. म्हणजे जो त्या दिवशी गुलाम होता त्याला नाही. शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल क्वेकर पंथातला. त्यानं शपथ अशी लिहिली की त्या तारखेला माझ्याकडून फुकट श्रम घ्यायचा हक्क कुणाही माणसाला नव्हता. ईश्वराच्या दरबारी ही शपथ गुलामालाही खरीच होती. सगळ्यांनी ती घेतली आणि सगळ्यांना पैसे मिळाले.

या साऱ्याचे पडसाद आपल्याकडं दोन तऱ्हांनी उमटले. मुंबईत अमेरिकेचा कापूस बंद झाल्यानं वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार फुगला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच धाडकन आपटला. ती कथा आपण बऱ्यापैकी जाणतो. दुसरा पडसाद पुण्यात उमटला. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल. त्या मुक्तीत जवळपास १,८०,००० कृष्णवर्णीय शिपायांचा स्वतःचा हात होता. मोकळे झालेले आणि मोकळे करणारे बऱ्याच ठिकाणी एकच होते.

मेलेल्यांची ओळख पटवणं हे वेगळंच संकट. गळ्यात नावाचा बिल्ला घालायची पद्धत तेव्हा नव्हती. गेटिसबर्गला १ जुलैच्या धुमश्चक्रीनंतर एका शिपायाचं प्रेत मिळालं, हातात तीन मुलांचा काचेवरचा फोटो. वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो छापता येत नव्हते, म्हणून ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या पत्रात मुलांचं वर्णन छापलं: मोठ्या मुलाचा शर्ट आणि मुलीचा झगा एकाच कापडाचे आहेत. ते वर्णन इतर पत्रांनी उचललं आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल या खेड्यात एका बाईपर्यंत पोचलं. मेलेला शिपाई म्हणजे तिचा नवरा एमोस ह्युमिस्टन, १५४व्या न्यूयॉर्क पलटणीतला सार्जंट, घोड्यांचे लगाम-खोगीर करणारा कारागीर. त्या फोटोच्या प्रती विकून गेटिसबर्गला शिपायांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम काढला गेला. पुढं तिथल्या व्यवस्थापिकेवर मुलांच्या छळाबद्दल खटला झाला आणि १८७७मध्ये आश्रम बंद पडला. ही दुसरी अर्धी गोष्ट स्मरणिकांतून सहसा गळते. परिचारिका क्लारा बार्टननं युद्धानंतर हरवलेल्या शिपायांचा शोध घेणारं कार्यालय चालवलं, त्यात साठ हजारांवर पत्रं आली आणि सुमारे २२,००० जणांचा ठावठिकाणा लागला. सरकारनं तीन लाखांवर शिपाई उकरून राष्ट्रीय दफनभूमींत पुन्हा पुरले. जवळपास निम्म्यांच्या दगडावर नाव नाही.

युद्धानंतर गाव पुन्हा कामाला आलं, या खेपेला साक्षीदार म्हणून. पेन्शन मागायची तर सिद्ध करायचं की पाय गेला तो लढाईतच, खोकला जडला तो छावणीतच, आणि विधवेनं सिद्ध करायचं की लग्न झालं होतं आणि नंतर तिनं दुसरं घर केलेलं नाही. पुरावा म्हणजे जुने सोबती आणि शेजारी यांची प्रतिज्ञापत्रं. ज्यांच्या नजरेखाली माणूस लढला त्यांच्याच सहीवर त्याचं म्हातारपण अवलंबून. ज्याच्याशी बांधावरून भांडण असेल तोही साक्षीला उभा राहायचा, कधी बाजूनं, कधी उलट. १८९०चं दशक लागेपर्यंत पात्रतेच्या अटी सैल झाल्या आणि १८९३च्या सुमारास संघ सरकारच्या महसुलातला ४० टक्क्यांवर हिस्सा पेन्शनवर खर्च होत होता.

या पेन्शनच्या यादीतलं शेवटचं नाव फार उशिरा संपलं. मोझ ट्रिप्लेट हा उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांतला पोरगा, दक्षिणेच्या फौजेत भरती होऊन २६व्या उत्तर कॅरोलायनात आलेला. पलटण गेटिसबर्गकडं चालली असताना तो आजारी पडला, व्हर्जिनियात इस्पितळात राहिला आणि तिथून पळाला. त्याची पलटण तिकडं कापली गेली. पुढल्या वर्षी तो उत्तरेच्या बाजूच्या तिसऱ्या उत्तर कॅरोलायना माउंटेड इन्फंट्रीत दाखल झाला. युद्ध संपल्यावर तो परतला तो त्याच डोंगरांत, जिथं २६व्या पलटणीच्या विधवा राहत होत्या. तिथं त्याला कुणी प्रेमानं वागवलं नाही आणि त्यानंही कुणाला फार जवळ केलं नाही. उतारवयात त्यानं आपल्याहून कितीतरी लहान बाईशी दुसरं लग्न केलं. १९३०मध्ये मुलगी झाली तेव्हा तो ८३ वर्षांचा होता. १९३८मध्ये गेटिसबर्गच्या पंचाहत्तरीच्या मेळाव्याला तो जाऊन आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला. मुलगी स्वतःचं पोट भरू शकत नाही अशा नोंदीखाली तिला बापाच्या उत्तरेकडच्या नोकरीची पेन्शन लागू झाली, दरमहा ७३ डॉलर १३ सेंट. ती ३१ मे २०२०ला वारली, तोवर अमेरिकन सरकार ती पाठवत होतं.